हिमोफिलिया : सांध्यांचे आणि हाडांचे रक्षण

हिमोफिलिया हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर प्रथम पडतो तो शास्त्राच्या तासाला, आनुवंशिकतेचा धडा चालू असताना. धडा संपतो, परीक्षा होते, आणि मग त्या शब्दाबरोबर मनात एकच समजूत उरते, ती अशी की, या रोगाच्या माणसाला साधी टाचणी टोचली तरी त्याचे रक्त थांबावयाचे नाही व तो दगावेल. वस्तुस्थिती निराळी आहे. हिमोफिलिया असलेल्या मुलाचे रक्त इतरांपेक्षा अधिक वेगाने वाहत नाही. ते अधिक वेळ वाहते, इतकेच. बोटाला सुरी लागली किंवा कोपराचे साल निघाले, तर स्वच्छ फडक्याने थोडा अधिक वेळ दाबून धरले असता ते बहुधा थांबते. त्याचे खरे नुकसान होते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, सांध्यांच्या आत. मेंदूतील, गळ्यातील किंवा पोटातील रक्तस्राव जिवावर बेततो यात शंका नाही. परंतु तो त्या मानाने क्वचित होतो. सांध्यांतील रक्तस्राव मात्र पुनःपुन्हा होतो, आणि वेळीच उपाय न झाल्यास चांगल्या धडधाकट मुलाला ऐन तारुण्यात पांगळे करून सोडतो. हे पांगळेपण आज टाळता येण्यासारखे आहे. ते कसे येते आणि कसे टाळता येते, हे वाचकांपुढे मांडावे, एवढ्याचसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम रक्त गोठते कसे, ते पाहू. रक्तवाहिनीला छिद्र पडले की रक्तातील रक्तपट्टिका तेथे गोळा होतात आणि छिद्र तात्पुरते बुजवितात. ही बुजवणी पक्की व्हावी म्हणून तिच्यावर फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जावे लागते. ते जाळे तयार होण्यासाठी रक्तातील कित्येक प्रथिने एकामागून एक कामाला लागतात. खेड्यात एखाद्या घराला आग लागली म्हणजे विहिरीपासून त्या घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि भरलेल्या घागरी हातोहात पुढे देतात. तसेच काहीसे हे काम चालते. या प्रथिनांना डॉक्टर ‘फॅक्टर’ म्हणतात व क्रमांकाने ओळखतात. रांगेतील एक माणूस जागेवर नसला की घागर तेथेच अडते. ज्याच्या रक्तात आठवा फॅक्टर अपुरा असतो त्याला ‘हिमोफिलिया ए’ आणि ज्याच्या रक्तात नववा अपुरा असतो त्याला ‘हिमोफिलिया बी’ झाला असे म्हणतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘ख्रिसमस रोग’ असेही नाव आहे. त्याचा नाताळच्या सणाशी संबंध नाही. १९५२ साली ज्या मुलाच्या रक्तावरून हा प्रकार निराळा म्हणून ओळखला गेला, त्याचे आडनाव ख्रिसमस होते. जन्मास येणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला पहिला प्रकार असतो. दुसरा त्याहून पुष्कळच विरळा आहे.

फॅक्टर अपुरा असतो म्हणजे किती, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. निरोगी माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण साधारणपणे ५० ते १५० टक्के धरतात. ज्यांच्यात ते ५ टक्क्यांहून अधिक परंतु ४० टक्क्यांहून कमी असते, त्यांचा रोग सौम्य. एखादी शस्त्रक्रिया होईपर्यंत किंवा दात काढीपर्यंत त्यांना आपल्या रोगाचा पत्ताही नसतो. १ ते ५ टक्के असेल तर रोग मध्यम, आणि १ टक्क्याहूनही कमी असेल तर तीव्र. तीव्र रोग असलेल्या मुलाला रक्तस्राव होण्यासाठी पडण्या-झडण्याचीही गरज नसते. काहीही निमित्त न होता, रात्री निजला असतानासुद्धा, त्याच्या सांध्यात रक्त उतरू शकते. एक टक्का आणि दोन टक्के यांतील फरक आपल्याला क्षुल्लक वाटेल. या रोगाच्या उपचारांचा सारा पाया त्या क्षुल्लक फरकावर उभा आहे, हे पुढे दिसून येईल.

हा रोग संसर्गाने होत नाही. त्या मुलाशेजारी बसल्याने, त्याच्या डब्यातील खाल्ल्याने किंवा त्याच्याशी खेळल्याने तो कोणाला जडत नाही. आठव्या व नवव्या फॅक्टरांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एकच एक्स गुणसूत्र असते व ते आईकडून येते. त्यात दोष असला की रोग प्रकट होतो. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एकातील उणीव दुसरे बव्हंशी भरून काढते. तथापि काही वाहक स्त्रियांच्या रक्तातही फॅक्टर कमी भरतो व त्यांनाही रक्तस्रावाचा त्रास होतो, म्हणून त्यांचीही तपासणी व्हावी हे योग्य. एक गोष्ट घरोघरी समजली पाहिजे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा रोग पूर्वी कोणालाच नसतो. जनुकात नव्याने बदल होऊन तो उद्भवतो. तो कोठूनही आलेला असो, त्यासाठी आईला दोष देणे हे अज्ञानाचे आणि निष्ठुरपणाचे लक्षण होय. आपल्या उंचीसाठी किंवा डोळ्यांच्या रंगासाठी आपण कोणाला दोष देत नाही, तसेच हे आहे.

आता सांध्याकडे वळू. गुडघा, घोटा किंवा कोपर यांत दोन हाडांची टोके समोरासमोर येतात. त्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, त्यामुळे हाडावर हाड घासत नाही. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि तिला आतून पातळ अस्तर असते. हे अस्तर वंगणासारखा चिकट द्रव पाझरविते व त्यावर सांधा सुरळीत फिरतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण या द्रवातूनच होते. उलट अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. चालताना, धावताना, जिना उतरताना त्यांतील एखादी फुटणे अगदी साहजिक आहे. निरोगी माणसात ती तत्काळ बुजते व त्याला काही कळतही नाही. हिमोफिलियाच्या रुग्णात ती पाझरत राहते. त्यातून सांध्यात रक्त गोठविण्यास चालना देणारे द्रव्य शरीराच्या इतर भागांहून कमी असते, म्हणजे जेथे गरज अधिक तेथेच पुरवठा तोकडा. बिजागरीसारखे एकाच दिशेने उघडझाप करणारे सांधे वेडावाकडा पीळ सहन करू शकत नाहीत. म्हणून गुडघे, घोटे व कोपरे या सहा सांध्यांवर या रोगाचा विशेष रोख असतो. खांदा व खुबा यांना स्नायूंचे जाड कवच असल्यामुळे ते त्या मानाने वाचतात.

सांध्यात रक्त उतरू लागले की प्रथम बाहेरून काहीही दिसत नाही. मुलाला मात्र आत झिणझिण्या येतात, कोमट वाटते, सांधा भरून आल्यासारखा होतो. मग तो ताठरतो, सुजतो, तापतो आणि अतिशय ठणकतो. पिशवीतील दाब कमी व्हावा म्हणून मूल सांधा अर्धवट वाकवून ठेवते. पुढे रक्तस्राव थांबतो, काही दिवसांत सूज ओसरते, आणि घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. खरी गोष्ट अशी की, सांध्याचा बिघाड येथूनच सुरू होतो. सांडलेले रक्त शोषून घेण्याचे काम अस्तरातील पेशींवर पडते. रक्तातील तांबड्या पेशींत लोह असते. ते लोह अस्तरात साठून राहते. त्याचा दाह होऊन अस्तर सुजते, जाड होते व त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या नव्या वाहिन्या नाजूक असतात, म्हणून थोड्याशा ताणानेही फुटतात, पुन्हा रक्त सांडते, पुन्हा लोह साठते. इकडे त्याच लोहामुळे तयार होणारी तीव्र रासायनिक द्रव्ये कूर्चेतील पेशी मारीत असतात. कूर्चा एकदा झिजली की ती पूर्ववत भरून येत नाही. अशा रीतीने एका रक्तस्रावातून दुसरा व दुसऱ्यातून तिसरा, असे दुष्टचक्र सुरू होते. एकाच सांध्यात सहा महिन्यांच्या आत तीन किंवा अधिक वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर त्या सांध्याने हे चक्र पकडले असे डॉक्टर समजतात व त्याच्याकडे विशेष लक्ष पुरवितात.

या दुःखाची साक्ष इतिहासातही आहे. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस याचा पुत्र अलेक्सिस याला हिमोफिलिया होता. १९१२ साली स्पाला येथे त्याच्या मांडीत व जांघेत मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा त्याची आशा सुटली होती. तो वाचला, परंतु आखडलेला डावा पाय सरळ होऊन नीट चालता येण्यास पुढे कित्येक महिने लागले. सम्राटाच्या पदरी उत्तमोत्तम वैद्य होते, पण उणा असलेला फॅक्टर त्यांपैकी कोणाजवळही नव्हता. त्याच्या अवशेषांच्या तपासणीवरून त्याला ‘बी’ प्रकारचा रोग होता, हे २००९ साली निश्चित झाले. सांध्यांच्या या विकाराचे शास्त्रशुद्ध वर्णन त्याच्याही आधी, १८९२ साली, फ्रांझ क्योनिग या जर्मन शल्यचिकित्सकाने केले होते. प्रथम सांध्यात रक्त साठते, मग सारा सांधा दाहाने ग्रासला जातो, आणि अखेर तो आखडून वाकडाच राहतो, अशा तीन अवस्था त्याने सांगितल्या. अशा सांध्याची सांध्याच्या क्षयाशी गल्लत होते आणि त्या चुकीने त्यावर शस्त्र चालविले तर रोगी हातचा जातो, हेही त्या काळी डॉक्टरांच्या ध्यानात आले.

सांध्याबरोबर हाडेही खराब होतात, याकडे मात्र लोकांचे फारसे लक्ष जात नाही. वाढत्या वयात गुडघ्याभोवती वारंवार दाह होत राहिला, तर तेथे रक्तपुरवठा वाढतो व हाडांची टोके प्रमाणाबाहेर रुंद होतात. कधी एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब होतो, त्यामुळे कंबर तिरकी पडते आणि पाठीच्या कण्यावरही ताण येतो. दुसरा परिणाम अधिक व्यापक आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिच्यावर शरीराचा भार पडतो व स्नायूंचा ओढा बसतो, त्या मानाने ती स्वतःला भरीव करते. भार पडेनासा झाला की ती विरळ होऊ लागते. पाय दुखतो म्हणून वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या मुलाच्या मांडीचे स्नायू रोडावतात. रोडावलेल्या स्नायूंमुळे गुडघ्याला आधार राहत नाही व त्यात पुन्हा रक्त उतरते. हाडे विरळ झाल्यामुळे लहानशा पडण्यानेही ती मोडण्याचा धोका वाढतो. हिमोफिलिया असलेल्या पुष्कळ लोकांची हाडे त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा कमी घनतेची आढळतात, त्याचे हे एक मोठे कारण होय. म्हणून अशा मुलाच्या जेवणात दूध, दही, नाचणी, तीळ यांसारखे चुन्याचा अंश असलेले पदार्थ असावेत, त्याला कोवळे ऊन मिळावे, आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी भरल्यास ते वैद्यकीय सल्ल्याने द्यावे. वजन वाढू न देणेही तितकेच आवश्यक आहे. गुडघ्यावर व घोट्यावर त्याचा बोजा प्रत्येक पावलागणिक पडत असतो.

हे दुष्टचक्र तोडण्याचा मार्ग प्रथम दिसला तो स्वीडनमध्ये. तेथील माल्मो शहरातील इंगा मारी निल्सन या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्यांच्या रक्तात फॅक्टर १ टक्क्याहून कमी, त्यांचे सांधे तरुणपणीच निकामी होतात. पण ज्यांच्यात तो १ ते ५ टक्के आहे, त्यांचे सांधे सहसा इतके बिघडत नाहीत. यावरून त्यांनी साधा विचार केला. तीव्र रोग असलेल्या मुलाचे रक्त निरोगी माणसासारखे करणे शक्य नसेल, तर नसो. बाहेरून थोडा फॅक्टर नियमाने देऊन त्याला सदैव एक टक्क्याच्या वर ठेवले, तर तीव्र रोगाचे मध्यम रोगात रूपांतर होईल आणि सांधे वाचतील. स्टॉकहोममध्ये मार्गारेता व बिर्गर ब्लोम्बेक या दांपत्याने मानवी रक्तद्रवापासून आठवा फॅक्टर वेगळा काढण्याची कृती बसविली होती. तो हाती आल्यावर १९५८ साली माल्मो येथे हा उपक्रम सुरू झाला. तोपर्यंत रक्तस्राव झाला की उपचार, अशी रीत होती. आता रक्तस्राव होण्यापूर्वीच उपचार होऊ लागला. या कामाच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीच उपचार सुरू झाले होते, त्यांचे सांधे जवळजवळ निर्दोष राहिले होते.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत ज्युडिथ ग्रॅहॅम पूल या विदुषीने दाखवून दिले की, गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळू दिल्यास तळाशी जो साका बसतो, त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो. त्यामुळे साध्या रक्तपेढीतही औषध तयार करता येऊ लागले. पुढे फॅक्टरची पूड मिळू लागली. परंतु ती हजारो दात्यांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवापासून होत असल्याने १९८० च्या सुमारास तिच्यातून एड्सचे व काविळीचे विषाणू असंख्य रुग्णांच्या शरीरात शिरले आणि जगभर फार मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर पुडीवर उष्णतेची व अन्य प्रक्रिया होऊ लागली, आणि १९९० नंतर मानवी रक्ताशिवाय जैवतंत्राने तयार केलेला फॅक्टरही मिळू लागला. नियमित उपचाराचा लाभ केवळ समजुतीचा नाही, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाने सिद्ध केले. त्यात अडीच वर्षांच्या आतील ६५ मुलगे घेतले होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या सांध्यांची चुंबकीय चित्रे काढली, तेव्हा नियमित फॅक्टर मिळालेल्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे निर्दोष आढळले. रक्तस्राव झाल्यावरच भरपूर फॅक्टर मिळालेल्यांत हेच प्रमाण ५५ टक्के होते. यातील काही सांधे तर असे होते की, त्यांत रक्तस्राव झाल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते, तरी ते बिघडलेले होते.

शिरेतून दिलेला आठवा फॅक्टर आठ ते बारा तासांत निम्मा होतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा सुई घ्यावी लागते. शिवाय तीव्र रोग असलेल्या काही रुग्णांच्या शरीरात या बाहेरच्या फॅक्टरला विरोध करणारी द्रव्ये तयार होतात आणि मग तो लागू पडत नाही. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले एमिसिझुमॅब हे औषध या दोन्ही अडचणींवर उपयोगी पडते. ते आठव्या फॅक्टरच्या जागी उभे राहून नवव्याची व दहाव्याची गाठ घालून देते, आणि कातडीखाली आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा टोचता येते. ते ‘ए’ प्रकारासाठीच आहे. आपल्या देशातील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी तर मूळ दोषालाच हात घातला. रुग्णाच्याच रक्तजनक पेशींत आठव्या फॅक्टरचे जनुक घालून त्या पेशी त्याला परत देण्याचा प्रयोग त्यांनी तीव्र रोग असलेल्या पाच रुग्णांवर केला. पाचांपैकी कोणालाही त्यानंतरच्या पाहणीच्या काळात रक्तस्राव झाला नाही, असे त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

अशी औषधे महाग आहेत हे खरे. परंतु आता अनेक राज्यांत काही सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर विनामूल्य दिला जातो. तसेच कमी मात्रेत परंतु नियमाने दिलेला फॅक्टरदेखील, केवळ रक्तस्राव झाल्यावर दिलेल्या फॅक्टरपेक्षा सांध्यांना अधिक हितकर ठरतो, असा अनुभव आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) या संस्थेच्या शाखा देशातील अनेक शहरांत आहेत. आपल्या गावाला जवळचे उपचारकेंद्र कोणते, याची माहिती अशा शाखेतून मिळू शकते. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराने ही चौकशी पहिल्या रक्तस्रावाची वाट न पाहता करून ठेवावी.

सांध्यात रक्त उतरल्याची शंका आली तर काय करावे? पहिला नियम असा की, मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा. सूज दिसत नाही म्हणून तो ढोंग करतो असे समजू नये. आतल्या झिणझिण्या त्यालाच कळतात व त्या वेळी मिळालेला फॅक्टर सर्वांत अधिक काम करतो. शक्य तर दोन तासांच्या आत फॅक्टर मिळावा. क्ष-किरणांचे चित्र आणि इतर तपासण्या त्यानंतर. तोवर सांधा हलवू नये, उशीवर उंच ठेवावा, हलक्या हाताने लवचीक पट्टी बांधावी, आणि बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. ज्वर किंवा वेदना यांसाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन कदापि देऊ नये, कारण ते रक्तपट्टिकांचे कामही बंद पाडते. सूज उतरविणारी इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. जांघेत दुखून मांडी सरळ होईनाशी झाली, तर ते बहुधा कमरेच्या आतील स्नायूतील रक्तस्रावाचे लक्षण असते. ते आंत्रपुच्छाचे दुखणे समजून चालू नये. डोक्याला मार लागला असेल, तर मूल हसत-खेळत असले तरी तत्काळ फॅक्टर देऊन रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे गुडघा सुजला की तो चोळण्याची, शेकण्याची, लेप घालण्याची किंवा हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसविण्याची रीत आहे. मुरगळलेल्या पायासाठी कोणी ती वापरीत असेल; हिमोफिलियात मात्र ती घातक ठरते. चोळल्याने बुजत आलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडते आणि शेकल्याने रक्ताचा ओघ वाढतो. स्नायूत खोलवर दिलेल्या सुईनेही त्या जागी रक्त साकळते. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर प्रथम रोगाचे नाव सांगावे. लसी मात्र चुकवू नयेत. बारीक सुईने देऊन ती जागा काही मिनिटे घट्ट दाबून धरली म्हणजे झाले. मुलाच्या खिशात रोगाचा प्रकार, फॅक्टरचे प्रमाण आणि डॉक्टरांचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड नेहमी असावे.

रक्तस्राव थांबला की विश्रांतीही संपली पाहिजे. पूर्वी अशा मुलाला काचेच्या भांड्यासारखे जपत. शाळा नाही, मैदान नाही, घराचा उंबरठा ओलांडावयाचा नाही. त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रथम बसल्या जागी मांडीचा स्नायू आवळण्याचे व सोडण्याचे व्यायाम देतात. मग हळूहळू सांधा वाकविणे, सरळ करणे, उभे राहणे, तोल सांभाळणे, असा क्रम वाढवीत नेतात. पोहणे हा या मुलांसाठी फार चांगला व्यायाम होय, कारण पाण्यात सांध्यावर भार येत नाही व स्नायू मात्र बळकट होतात. पोहताना हाडांवर भार पडत नसल्यामुळे जोडीला चालणेही हवे. सायकल, बॅडमिंटन, सूर्यनमस्कार यांपैकी काय झेपेल ते सांध्यांची स्थिती पाहून ठरवावे. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध यांसारखे अंगावर आदळण्याचे खेळ मात्र टाळावेत. सांधा पार निकामी झाला तरी सुजलेले अस्तर काढण्याचे किंवा कृत्रिम सांधा बसविण्याचे उपाय फॅक्टरच्या आधाराने होतात. पण नैसर्गिक कूर्चेची बरोबरी त्यांनी होत नाही.

यात शाळेचा भाग मोठा आहे. हिमोफिलिया असलेला विद्यार्थी मधूनच आठ-आठ दिवस दिसेनासा होतो. परत येतो तेव्हा लंगडतो. पुढच्या महिन्यात तोच धावताना दिसतो. हे पाहून वर्गमित्र त्याची थट्टा करतात आणि कित्येकदा गुरुजनांनाही तो कामचुकार वाटतो. रोगाची माहिती असलेल्या वर्गात असे होणार नाही. कोपरात रक्त उतरल्याने त्याला लिहिता येत नसेल, तर शेजारच्याने आपली वही द्यावी. त्याचा वर्ग शक्य तर तळमजल्यावर असावा. पाठीवरचे जड दप्तर हलके करावे. व्यायामाच्या तासाला त्याला झाडाखाली नुसते बसवून न ठेवता झेपेल ते काम द्यावे. पंच होणे आणि गुण मांडणे ही त्याची कायमची नेमणूक होऊ नये. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने हिमोफिलियाचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला आहे. परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक यांसारख्या सवलतींची तरतूदही त्या कायद्यात आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र पालकांनी वेळेवर काढून ठेवावे, परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नये.

दरवर्षी १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक शाळांत तो परीक्षेच्या गडबडीत निघून जातो, म्हणून आम्ही हा विषय अंकातच मांडणे पसंत केले. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गात, आळीत किंवा नात्यात असा मुलगा असेल, आणि खेळता खेळता तो मध्येच थांबून ‘माझ्या गुडघ्यात काहीतरी होते आहे’ असे म्हणाला, तर गुडघा सुजण्याची वाट पाहू नका व तो चोळूही नका. त्याला बसवा, पाय उंच ठेवा, एकाने जवळ थांबा आणि दुसऱ्याने धावत जाऊन शिक्षकांना व त्याच्या घरी कळवा. तो गुडघा त्याला पुढे पन्नास-साठ वर्षे वापरावयाचा आहे.